भाताचा बांध

१९८३ साली कराडहून माटुंग्याच्या हॉस्टेलवर राहायला आलो, तेव्हा केळीच्या पानावर जेवायचं म्हणजे मुंज नाहीतर सत्यनारायण, एवढंच मला ठाऊक. इथं मात्र कुणाचं काही कार्य नसताना माणसं पानं मांडून बसलेली!

माटुंगा स्टेशनाजवळ जिना चढून वर गेलं की रामा नायकांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग. १९४२ सालचं. एका रविवारी रूम पार्टनरनं तिथं नेलं. वाढप्यानं भाताच्या ढिगावर रसमचा डाव उपडा केला नि तो पुढच्या पंगतीला गेला. आमटीसाठी आळं करायची सवय हाताला होतीच. पण रसम आमटीच्या जातीचं नव्हे. आळं फोडून ते निघालं आणि पानाच्या शिरेवरून थेट माझ्या पँटीकडे. शेजारी कपाळाला भस्म लावलेले एक आजोबा जेवत होते. हसले नाहीत. त्यांनी आपला भात आधी कोरडाच बोटांनी मळला, पोटाच्या बाजूला त्याचा जाडसर बांध घातला, आणि वाढप्याला दोन बोटांनी खूण केली. अर्धाच डाव. थेंब इकडचा तिकडे नाही.

मुंबईत पुढं जे जे खायला शिकलो ते असंच, शेजारच्याच्या पानात बघून. मेन्यूकार्ड वाचून कुणाचं भलं झालंय?

उडप्याकडे कॉफी डवऱ्यात ओतून, हातभर उंचावरून गार करायची हे कळेपर्यंत दोन महिने जीभ भाजली. किंग्ज सर्कलच्या इराण्याकडे पोऱ्यानं विचारलं, “बन की ब्रून?” मला एकच शब्द दोनदा ऐकू आला. आम्हा कराडकरांना सगळा पावच. ब्रून म्हणजे कडक सालीचा, दाताला झुंजवणारा. मस्का लावलेला तुकडा चहात बुडवला की वर लोण्याचे चकचकीत चांदवे तरंगतात. टेबलावर पडलेला चुरा बोटानं टिपून खायचा असतो, हे समोरच्या टॅक्सीवाल्याकडून उचललं. रमजानात मिनारा मशिदीजवळ मध्यरात्री मालपुवा खाल्ला; त्यात अंडं असतं, हे घरी सांगायचं राहूनच गेलं.

आई एकदाच हॉस्टेल बघायला आली. तिला नायकांकडे घेऊन गेलो. सांबारातली शेवग्याची शेंग तिनं उचलून पाहिली, चोखली. “आमटीला गुळाचा विसर पडलाय,” म्हणाली. रसमला मात्र थबकली. तिसऱ्यांदा मागून घेतलं, डोळे मिटून, नाकातोंडातून पाणी येईस्तोवर. निघताना वाढप्याला मराठीतच विचारलं, “मिरं भाजून घालता का हो?” त्यानं मान डोलावली, ती दाक्षिणात्य मान, त्यातून हो की नाही ते आम्हाला कळेना.

त्या दिवाळीला घरी गेलो. पाडव्याचं जेवण चालू होतं. पुरणपोळीनंतरच्या भाताला आई नेहमीच्या कटाच्या आमटीऐवजी वेगळंच पातेलं घेऊन आली. टोमॅटो, मिरं, कढीपत्ता, आणि चिमूटभर गूळ, कारण शेवटी स्वयंपाकघर तिचं.

“रसम केलंय,” ती म्हणाली. वडिलांनी वाटी मागितली.

स्टीलचं ताट होतं, चांगले बोटभर काठ असलेलं. तरी मी भात मळून पोटाच्या बाजूला बांध घातला आणि दोन बोटं वर केली.