जमिनीतलं सफरचंद

आमची धाकटी फ्रान्समध्ये नेमकं काय करते, असं कुणी विचारलं की मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकतो. थोरल्याचं तसं नाही. थोरला अमेरिकेत ‘आयटीत’ आहे. ‘आयटीत’ म्हटलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं आणि सांगणाऱ्याची सुटका होते. पण धाकटी संगणकाला फ्रेंच शिकवते. हे मी एकदा आमच्या सोसायटीतल्या नानांना खरं खरं सांगून पाहिलं. नाना म्हणाले, “का? फ्रान्सातल्या संगणकाला फ्रेंच येत नाही?” आणि दुधाची पिशवी हलवत निघून गेले. संध्याकाळपर्यंत सोसायटीभर झालं की हिची मुलगी तिकडे शिकवण्या घेते.

खरं सांगायचं तर माझाही तिच्यावर राग होता. नऊ वर्षांपूर्वी विमानतळावर “दोन वर्षांत येते हं, बाबा,” असं म्हणून ती गेली. मी पडलो बँकेतला माणूस. दोन वर्षांची मुदत ठेव दोन वर्षांनी हातात पडायला हवी. हिचं आपलं आपोआप नूतनीकरण होत राहिलं! आणि कशासाठी? तर शब्दांच्या याद्या करण्यासाठी. शब्दकोश काय आमच्या घरात नव्हता? चांगला जाडजूड होता. गच्चीवर पापड वाळत घातले की चादरीचं टोक उडू नये म्हणून तोच ठेवायचो.

शेवटी गेल्या उन्हाळ्यात मी आणि सौभाग्यवती तिच्याकडे नान्सीला जाऊन थडकलो. हे गाव पॅरिसपासून वेगवान आगगाडीने दीड तासावर. गाव देखणं आहे. मधोमध एक भव्य चौक, त्याला सोनेरी नक्षीचे दरवाजे. पण मी चौक बघायला गेलो नव्हतो. मी तपासणीला गेलो होतो.

पहिल्याच रात्री ताटात बटाट्याची भाजी होती. धाकटी म्हणाली, “बाबा, फ्रेंचमध्ये बटाट्याला काय म्हणतात माहिती आहे? ‘पॉम द तेर’. म्हणजे शब्दशः ‘जमिनीचं सफरचंद’. आता संगणकाला हे तीन सुटे शब्द दिसतात. तो सफरचंद वेगळं काढतो, जमीन वेगळी काढतो, आणि बटाटा राहतो बाजूला. म्हणून आम्ही यादीत लिहून ठेवतो, की बाबा रे, हे तीन शब्द एकत्र आले की तो एकच शब्द समज.”

मी “हं” म्हटलं. हिला मात्र लगेच समजलं.

“म्हणजे तुझे कांदेपोहे जमत नाहीत असं मी म्हटलं,” ही म्हणाली, “तर त्या यंत्राला वाटायचं, हिच्या आईला पोहे करता येत नाहीत!”

धाकटीने घाईघाईने विषय बदलला. म्हणाली, “आणि आई, फ्रेंचमधल्या ‘आज’ या शब्दाच्या पोटातच एक स्वल्पविराम लटकलेला असतो. ‘ओजूर्द्वी’. अडाणी यंत्र तिथे कात्री चालवतं आणि ‘आज’चे दोन तुकडे करतं.” आजचे तुकडे करण्यात आमची पिढीही तरबेज आहे. अर्धा काल काय झालं यात जातो, अर्धा उद्या काय होईल यात. पण ते मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी तिने कागदावर एक वाक्य लिहिलं. ‘ला पतीत ब्रीझ ला ग्लास.’ पाच शब्द. “याचे अर्थ दोन,” ती म्हणाली. “एक, छोटी मुलगी बर्फ फोडते. दोन, मंद झुळूक तिला गारठवते. दोन्ही बरोबर.”

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शब्द तेच! पण ‘ब्रीझ’ म्हणजे झुळूकही आणि ‘फोडते’ही. ‘ग्लास’ म्हणजे बर्फही आणि ‘गारठवते’ही. ‘पतीत’ म्हणजे छोटी मुलगी किंवा नुसतंच छोटी, मंद. एवढंसं ‘ला’, तेही कधी नामापुढचं उपपद, कधी ‘तिला’. वाक्यात एकही शब्द सरळ वागणारा नाही. एका बाजूला पोरगी हातोडी घेऊन उभी, दुसऱ्या बाजूला तीच थंडीने कुडकुडतेय.

“मग यंत्राने ओळखायचं कसं?”

“आधी त्याला ठाऊक तर हवं की कोणता शब्द काय काय असू शकतो! निवड नंतरची. नुसती उदाहरणं वाचून यंत्र शिकतं खरं, पण त्यात एखादा शब्द आलाच नाही तर ते अंदाजाने ठोकून देतं. म्हणून शब्दकोश. माणसांचा नाही, यंत्राचा. त्यात अर्थ थोडे, रूपंच जास्त. हा शब्द नाम, हे त्याचं अनेकवचन, हे क्रियापद, ही त्याची भूतकाळातली रूपं.”

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? ‘जरा’ म्हणजे थोडं, आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण. लिहायला एक, उच्चारायला दोन. “जरा आली” असं मी डायरीत लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल झोप आली असेल, किंवा चक्कर आली असेल.

तिथल्या एका यादीचं नाव मॉर्फालू. तिच्यात पाच लाखांहून अधिक शब्दरूपं आहेत. दुसरीचं नाव लेफ्फ्फ. इंग्रजीतले तीन एफ ओळीने! सायकलच्या चाकातली हवा गेल्यासारखं हे नाव मला फार आवडलं. मॉर्फालूचं मूळ त्याच गावात झालेल्या एका थोरल्या कोशात आहे. ‘फ्रेंच भाषेचा खजिना’ अशा अर्थाचं त्याचं नाव. पहिला खंड निघाला १९७१ साली आणि सोळावा १९९४ साली. त्यासाठी १९६०च्या दशकातच ‘गामा ६०’ नावाचा अवाढव्य संगणक नान्सीत आणला आणि पुस्तकंच्या पुस्तकं पट्ट्यांवर भोकं पाडून त्याला भरवली. तेवीस वर्षांत सोळा खंड! आमच्या सोसायटीच्या गच्चीची गळती काढायलाही जवळपास तेवढीच वर्षं लागली. पण तिथे निदान सोळा खंड तरी झाले.

“बरं, पण एवढं करून फायदा किती?” मी तपासनिसाच्या आवाजात विचारलं.

“२००९ साली पास्काल दनी आणि बन्वा सागो या दोघांनी मोजून दाखवलं,” धाकटी म्हणाली. “वाक्यातल्या प्रत्येक शब्दाची जात ओळखणारं यंत्र होतं. कोशाशिवाय ते शंभरात ९७ शब्द बरोबर ओळखायचं. ‘लेफ्फ्फ’ जोडल्यावर ९७.७.”

“म्हणजे सातदशांश टक्का?” मी जवळजवळ ओरडलोच. “सातदशांश टक्क्यासाठी नऊ वर्षं?”

तिने शांतपणे बशीत बिस्किटं काढली. मग म्हणाली, “बाबा, मी पाचवीत असताना तुमच्या सहामाही हिशेबात अकरा पैशांचा फरक आला होता. तीन रात्री घरी आला नव्हता तुम्ही. आईने डबा पाठवला होता. मीच घेऊन आले होते.”

यावर मी गप्प बसलो. अकरा पैसे! साहेब म्हणाले होते, “खिशातून टाका आणि मोकळे व्हा.” मी टाकले नाहीत. फरक पैशांचा नसतो हो. तो कुठेतरी एक नोंद चुकीच्या खात्यात पडल्याची खूण असतो. शेवटी सापडली ती चूक, पहाटे सव्वातीनला. त्या वेळी मला जो आनंद झाला, तो पुढे मॅनेजर झालो तेव्हाही झाला नाही. मी मनातल्या मनात हिशेब केला. शंभरात तीन चुका होत्या, त्यातली जवळजवळ पाऊण चूक कमी झाली. आणि यंत्राला शिकताना कधी न भेटलेल्या शब्दांत फायदा याहूनही मोठा. वाईट नाही. अजिबात वाईट नाही.

“पण आता ती नवी यंत्रं म्हणे स्वतःच सगळं शिकतात,” हिने विचारलं. हिला हे दूरदर्शनवरून कळलेलं असतं.

“शिकतात की. २०१९ साली फ्रेंचचं एक निघालं. नाव ‘कामांबेर’.”

“म्हणजे ते वासाचं चीज?”

“तेच. त्याने १३८ गिगाबाइट मजकूर नुसता वाचून काढला, शब्दकोश न उघडता. पण आई, मुलाने कितीही वाचलं तरी त्याचा पेपर तपासायला कुणीतरी बरोबर उत्तरं लिहून ठेवलेली असावी लागतात ना? ती माणसांनीच, एकेक शब्द बघून लिहिलेली असतात.”

म्हणजे पोरगी तिकडे ताळेबंदच जुळवत होती! बापाचाच धंदा, फक्त रुपयांच्या जागी शब्द. नऊ वर्षांत मला कुणी हे असं सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी नाडी बांधत असेन.

निघायचा दिवस आला. स्टेशनवर शेजारच्या डब्यापाशी लोक एकमेकांना “ओ रव्वार” म्हणत होते. “हाही आमच्या यादीत आहे,” डोळे पुसत धाकटी म्हणाली. “यातला ‘ओ’ यंत्र एरवी फोडून दोन शब्द करतं. इथे फोडायचा नाही. सगळं मिळून एकच. पुन्हा भेटेपर्यंत.”

गाडीने शिट्टी दिली. मी म्हटलं, “येतो गं.”

ती रडता रडता हसली. “बाबा, जाताय तुम्ही आणि ‘येतो’ म्हणताय! यंत्राला मी काय सांगू?”

“सांग, आमच्याकडे निघणाऱ्याने ‘जातो’ म्हणायचं नसतं,” मी म्हणालो आणि बोलता बोलताच थांबलो. नऊ वर्षांपूर्वी विमानतळावरचं तिचं ‘येते’ आठवलं. तो निरोप होता. मी तो परतीची तारीख म्हणून लिहून घेतला आणि नऊ वर्षं व्याजासकट वसूल करत बसलो. शब्द बरोबर, नोंद चुकीच्या खात्यात. शंभरातल्या त्या तीन चुकांपैकी एक माझी होती.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी नाना भेटले. “काय हो, धाकटी तिकडे करते तरी काय नेमकं?”

मी वाकलो नाही. “बटाट्याला कुणी सफरचंद समजू नये, याची व्यवस्था बघते,” मी म्हटलं.

नानांनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “आणि परत कधी येणार?”

“‘येते’ म्हणालीय,” मी म्हटलं, आणि त्यांच्याबरोबर दूध आणायला निघालो.