दुखणार नाही हं!

वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापकाच्या पिशवीत जाडजूड ग्रंथ असावेत, अशी तुमची समजूत असेल. माझ्या पिशवीत दर सोमवारी सहा मोसंबी असतात. सुई टोचण्याचा पहिला धडा आमची मुले मोसंब्यावर गिरवतात. मोसंबे रडत नाही, अंग चोरत नाही. शिकाऊ डॉक्टरला याहून गुणी रोगी कुठला मिळणार? (धड्यानंतर ती कोणी खात नाही, हे आपले सांगून ठेवतो.)

हात लवकर बसतो. स्नायूत द्यायचे इंजेक्शन काटकोनात द्यावे, कातडीखालचे बहुधा ४५ अंशांत. लोक ज्याला ‘कमरेतले इंजेक्शन’ म्हणतात, ते कुल्ल्याच्या वरच्या, बाहेरच्या चतकोरातच द्यावे. भलतीकडे गेले तर पायाकडे जाणारी मोठी नस दुखावते. हे सारे आठवड्याभरात येते. तोंड मात्र लवकर बसत नाही. माझेच बसले नव्हते.

१९८८ साली मी इंटर्न होतो. काचेची सिरिंज उकळत्या पाण्यातून चिमट्याने काढायची, असे ते दिवस. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला. सांधेज्वराने त्याच्या हृदयाची झडप बिघडली होती. दुखणे उलटू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिन घ्यायचे, बारा लाख युनिट. हे औषध दुधासारखे पांढरे, दाट. सुईत अडकते, सावकाश द्यावे लागते आणि दुखते तर असे, की मोठी माणसेही ओठ चावतात.

मी म्हणालो, “दुखणार नाही हं बाळ, मुंगी चावल्यासारखं वाटेल.”

सुई अचूक बसली. वरिष्ठांनी मान डोलावली. मुलगा ओरडला नाही. त्याने नुसते वळून माझ्याकडे पाहिले. तीन आठवड्यांनी तो आला नाही. त्यानंतरही नाही.

१९९० साली तो मला वॉर्डात भेटला. पायांवर सूज, बोलताना धाप. आई म्हणाली, “सुईचं नाव काढलं की घरातनं पळायचा, डॉक्टरसाहेब. म्हणायचा, ते खोटं बोलतात.”

तिने मला ओळखले नव्हते. मीही ओळख दिली नाही.

२०१९ पासून आपल्या वैद्यकीय अभ्यासक्रमात रोग्याशी बोलायचे कसे, हा रीतसर विषय झाला आहे. चांगलेच झाले, पण विषय म्हटला की मुले तो पाठ करतात. हसावे केव्हा, मान हलवावी केव्हा, हेसुद्धा! मी आपला एकच नियम घालून दिला आहे : ‘दुखणार नाही’ म्हणायचे नाही.

परवा माझी एक विद्यार्थिनी, आता इंटर्न, तेच औषध एका मुलाला देत होती. मी मागे उभा होतो.

“दुखेल,” ती म्हणाली, “बरंच दुखेल. तू शंभरपर्यंत मोज. त्याच्या आत संपवते.”

पोरगे आईचा हात धरून मोजू लागले. चाळिसाला रडू फुटले, पण मोजणे थांबले नाही. त्र्याऐंशीला सुई बाहेर आली.

“त्र्याऐंशीच झाले!” नाक पुसत तो म्हणाला. मग आईकडे वळून त्याने विचारले, “पुढची तारीख कोणती गं?”