केबिनखालचे वायसर

जुन्या रबरांसोबत निघालेले लोखंडी वायसर भंगारात टाकायचे नसतात. इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या आमच्या काकांच्या गाडीचे वायसर एका वर्कशॉपनं टाकले. अजूनही विषय निघाला की काकांचा आवाज चढतो, आणि खरं सांगायचं तर माझाही.

गाडी म्हणजे टाटामोबाइल 206. टेल्कोनं 1988 साली आणलेला हा पिकअप. पुढे सिएरा आणि इस्टेट याच सांगाड्यावर निघाल्या. काकांनी ती दुकानाच्या मालासाठी घेतली होती. दुकान बंद झालं, गाडी राहिली. इंजिन ठणठणीत आहे, पण खड्ड्यात चाक गेलं की केबिनखालून धाडकन आवाज यायचा. रबरं चेपून, कडक होऊन चिरली होती. इंदूरचा उन्हाळा आणि वरून झिरपणारं ऑइल, दोन्ही रबराचे वैरी.

अशा गाड्यांत केबिन चेसिसला थेट जोडलेली नसते. चेसिसच्या ब्रॅकेटांवर रबरी गाद्या, त्यांवर केबिन, आणि मधून बोल्ट. ब्रॅकेट सगळे तंतोतंत एका पातळीत येत नाहीत, पत्राही थोडा इकडेतिकडे असतो. म्हणून गाडी जुळवताना कुठे एक वायसर, कुठे दोन, कुठे जाड पत्ती, कुठे काहीच नाही, असं करत दरवाजे बसवले जातात. कोणत्या बोल्टखाली किती जाडी, हे त्या एका गाडीचं माप असतं. पुस्तकात ते सापडत नाही.

वर्कशॉपनं केबिन उचलली, सगळीकडे एकसारखी नवी रबरं घातली, बोल्ट आवळले. जुनं सामान एका डब्यात गोळा केलं आणि डबा भंगारवाल्याला दिला. कुठला वायसर कुठून निघाला याची खडूची खूण नाही, फोटो नाही.

काका गाडी आणायला गेले तर उजवा दरवाजा लागेना. वरच्या मागच्या कोपऱ्यात फट वाढलेली, खालच्या कोपऱ्यात पत्रा पत्र्याला घासतोय. दरवाजा हातानं उचलून धरला तरच कुलूप बसायचं. काकांनी दाखवलं, तर उत्तर आलं, "जुनी गाडी आहे, कब्जे गेलेत." कब्जे म्हणजे बिजागऱ्या. आणि काकांच्या देखत एकानं बिजागरीच्या पोटात लाकडाचा ठोकळा अडकवला, दरवाजा त्यावर दाबला आणि बिजागरीच वाकवली. कडेचा रंग पोपड्यासारखा उडाला. दरवाजा लागला. बिलात या कामाचे वेगळे पैसे लावले होते. काकांनी ते भरले, कारण गाडी वर्कशॉपच्या ताब्यात होती.

ज्यांना हे काम ठाऊक आहे त्यांना यातला अन्याय लगेच कळेल. दोष दरवाजात नव्हताच. वायसर गेल्यामुळे केबिनचा पुढचा भाग खाली बसला होता. पुढचा खांब त्याच्याबरोबर खाली गेला आणि खांबाच्या बिजागरीवर टांगलेला दरवाजाही उतरला. पुढच्या रबराखाली पत्ती घातली असती तर खांब वर आला असता, वरची फट मिटली असती आणि बिजागरीला हात लावायची गरजच पडली नसती. ती वाकवल्यामुळे आता एका चुकीवर दुसरी चढली. केबिन सरळ करावी तर दरवाजा प्रमाणाबाहेर वर जाणार!

हे सांगितलं घराजवळच्याच गल्लीत बसणाऱ्या एका म्हाताऱ्या उस्तादानं. तो गाडीभोवती फिरला, आगपेटीतली काडी काढून दरवाजाच्या फटीतून वरून खाली नेली. वर सैल, खाली अडकली. मग म्हणाला, "भिया, कब्जा बेकसूर था. केबिन का मुंडा नीचे है."

त्यानं काम सपाट फरशीवर घेतलं, गाडी स्वतःच्या टायरांवर उभी ठेवून. स्टिअरिंगचा जोड, वायरी, रेडिएटरच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना हे आधी पाहिलं. सगळे बोल्ट ढिले केले, पण काढले नाहीत. जॅकवर जाड फळी ठेवून केबिन हवी तेवढीच उचलली. सियागंजच्या बाजारातून आणलेल्या पत्तीचे तुकडे एकेक सरकवत तो दर वेळी काडी फिरवायचा. आधी केबिन, मग दरवाजे. ते बसल्यावर मडगार्ड दरवाजाला, बॉनेट मडगार्डला, आणि मागची लोडबॉडी शेवटी. वाकलेली बिजागरी हळूहळू परत आणली. बोल्ट पक्के आवळले ते सगळं जुळल्यावरच. प्रत्येक बोल्टची पत्ती त्यानं खडूनं फरशीवर लिहिली होती, तिचा फोटो काकांनी काढून ठेवला आहे.

वर्कशॉपला गाडी देताना असा फोटो प्रत्येकानं मागून घ्यावा, असं मला आवर्जून सांगावंसं वाटतं. गाडी मूळ रूपात जपायला आणखी एक कारण आहे. 2021 च्या जुलैत केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांपुढच्या, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा फेरबदल न झालेल्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळू लागली. पहिल्या 206 ला ते वय 2038 मध्ये येईल. मधल्या वर्षांत गाडी कुणाच्या हातात जाते यावर तिचं मूळ रूप टिकणार की नाही ते ठरतं. रबराऐवजी कडक पॉलियुरेथेन घाला असंही हल्ली सुचवतात; टिकतं जास्त, पण रस्त्याची थरथरही तेवढीच जास्त केबिनमध्ये येते. काकांनी रबरच घेतलं.

मध्यंतरी काकूंना गाडीच्या पूजेचा फोटो सापडला. हार घातलेली कोरी गाडी, आणि बॉनेटची डावी फट उजवीपेक्षा उघड उघड रुंद! कारखान्यातूनच ती तशी आली होती. इतके दिवस आम्ही "मूळ माप बिघडवलं" म्हणून कंठशोष करत होतो. तो फोटो पाहिल्यावर माझा राग बराच उतरला. काकांचा नाही. त्यांचं म्हणणं, ती फट कारखान्याची होती, दरवाजाची मोडतोड वर्कशॉपची. दोन्ही एका तराजूत घालू नकोस.

उस्तादानं बॉनेटची डावी फट आता बरोबर केली आहे. काकांना मात्र ती पूर्वीसारखी रुंद हवी आहे. नवी रबरं बसायला वेळ लागतो, काहीशे किलोमीटर चालल्यावर बोल्ट पुन्हा आवळायला गाडी आणायची आहे, तेव्हा एक पत्ती कमी करू, असं उस्ताद म्हणाला आहे.