अकरा घरं

2024 च्या एप्रिलमध्ये माझ्या नणंदेचा वराछ्याहून फोन आला. "भाभी, आमच्याकडे मतदानच नाही म्हणे. माणूस निवडूनसुद्धा आला!" सुरत लोकसभेत एका उमेदवाराचा अर्ज बाद झाला, कारण ज्यांच्या सह्या सूचक म्हणून होत्या त्यांनीच त्या आपल्या नाहीत असं लिहून दिलं. उरलेल्यांनी अर्ज मागे घेतले, आणि 22 एप्रिलला मुकेश दलाल बिनविरोध निवडून आल्याचं जाहीर झालं. आम्ही कामरेजचे. कामरेज विधानसभा बारडोली लोकसभेत येते, म्हणून 7 मेला आमच्या बोटाला शाई लागली आणि तिथून पंधरा-वीस किलोमीटरवर राहणाऱ्या नणंदेचं बोट कोरं राहिलं. तिला त्याचं फार काही वाटलं नाही. "चला, रांगेत उभं राहणं वाचलं," म्हणाली. मला मात्र 'बिनविरोध' हा शब्द ऐकला की पोटात कसंतरी होतं. त्याला कारण आमच्या गावातली 2021 ची गोष्ट आहे. आजवर मी ती मंडळात कधी सांगितली नव्हती. आता वय झालं, सांगून टाकते.

मी खानदेशची. सुरत-भुसावळ गाडीने लग्नाचं वऱ्हाड आलं आणि मी कामरेज तालुक्यातल्या एका गावात किराणा दुकानाच्या मागच्या घरात उतरले. गावात पटेलांची वाडी, नहेरीच्या काठाला हळपतीवास, चारी बाजूंना ऊस. जैनांची घरं मोजून तीन. सासरे गेल्यावर दुकानाचा हिशेब माझ्याकडे आला. उधारीची वही लिहिणारी बाई गावातलं पुष्कळ काही ऐकते. खरं सांगायचं तर, ऐकते त्यापेक्षा जास्त बोलते.

गुजरातेत 'समरस' नावाची योजना आहे. 2001 पासूनची. ग्रामपंचायत निवडणूक न होता बिनविरोध झाली तर गावाला सरकारकडून काही लाखांचं अनुदान, आणि सगळ्याच्या सगळ्या बायकाच बसवल्या तर त्याहून जास्त. विचार चांगलाच आहे. निवडणुकीत भावाभावांत तोंडं फिरतात, ती मी पाहिली आहेत. पण बिनविरोध होतं म्हणजे निवड होत नाही असं थोडंच आहे? ती आधी होते. चौकात, अर्ज भरण्याच्या आठ दिवस आधी, पाच-सात जणांच्या बैठकीत.

अमेरिकेत म्हणे पक्षाचा उमेदवार कोण, हेही लोक मत टाकून ठरवतात. आपल्याकडे 2014 ला काँग्रेसने थोड्या मतदारसंघांत तो प्रयोग करून पाहिला होता. महाराष्ट्रात लातूरला, इकडे वडोदऱ्याला. वडोदऱ्यात कार्यकर्त्यांनी नरेंद्र रावत यांना निवडलं. मग मोदी तिथून उभे राहिले आणि काँग्रेसने उमेदवार बदलून मधुसूदन मिस्त्रींना दिलं. म्हणजे आधी निवडायचं आणि मग वरून ठरवायचं. आमच्या चौकात निदान निवडण्याचं नाटक तरी नव्हतं, असं आमचे हे म्हणतात.

त्या वर्षी सरपंचाची जागा सर्वसाधारण स्त्रीसाठी राखीव होती. नाव आधीच ठरल्यासारखं होतं. गावातल्या मोठ्या घरची सून, शिकलेली, गोड बोलणारी. तिच्याविषयी माझी तक्रार तेव्हा नव्हती, आजही नाही. कारभार तिचा नवरा बघणार हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. दुसरं नाव कुजबुजीत होतं ते नहेरवाल्या बेनचं. हळपतीवासातली बाई. पाच वर्षं वॉर्डाची सदस्य होती, सखी मंडळ चालवायची, उसाच्या निंदणीला जायची. "सर्वसाधारण जागेवर ती कशी?" असं चांगले शिकलेले लोक विचारायचे. जागा सर्वसाधारण म्हणजे कुणाही बाईला मोकळी, एवढं साधं. पण लोकांच्या मनात सर्वसाधारण म्हणजे 'आपली'.

आणि इथेच मी आले. दिवाळीच्या सुमाराला एक गिऱ्हाईक बोलता बोलता म्हणालं, "त्या बेनने शौचालयांचे पैसे खाल्ले ना, म्हणून तर हळपतीवासात अर्धी संडासं पडून आहेत." मी विचारलं नाही की तुला कुणी सांगितलं. अर्धी पडलेली संडासं मी स्वतः पाहिली होती, दाराच्या जागी पोतं लावलेली. पटलं. त्या आठवड्यात पापड लाटायला आम्ही अकरा जणी जमलो होतो, तिथे मी ते सांगितलं. आणि नुसतं सांगितलं नाही, रंगवून सांगितलं. "घरटी सहा हजार तरी गेले असतील," असा आकडाही माझाच. कुणी विचारलं, नक्की का गं? मी म्हटलं, दुकानात बसते मी, मला सगळं कळतं.

पुढच्याच आठवड्यात हळपतीवासातली एक बाई तेल न्यायला आली. तिलाही मी तेच म्हटलं, तुमचे पैसे त्या बेनने खाल्ले ना? ती काही बोलली नाही. तेल घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकान रिकामं असताना, पदराखालून एक पासबुक काढून तिने गल्ल्यावर ठेवलं. "वांचो," म्हणाली.

मला वाचता येतं. रोज तेच करते. 2017 सालची नोंद. बारा हजार जमा, थेट तिच्या स्वतःच्या खात्यात. तीन दिवसांनी काढलेले. स्वच्छ भारतचे पैसे त्या बेनच्या हातात येण्याचा प्रश्नच नव्हता. काढलेले पैसे गवंड्याला दिले होते. त्याने दोन शोषखड्ड्यांपैकी एकच खणला आणि सुरतेत मोठं काम मिळालं म्हणून निघून गेला. बेन त्याच्या घरी चार वेळा जाऊन भांडून आली होती. एवढंच.

त्या दिवशी चतुर्दशी होती. संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले. अठरा पापस्थानकं लहानपणापासून तोंडपाठ, घडाघडा म्हणून जाते मी. त्या दिवशी तेराव्यावर अडकले. अभ्याख्यान, म्हणजे खोटा आळ घेणं. चौदावं पैशुन्य, चहाडी. सोळावं परपरिवाद, निंदा. एका पापड लाटण्यात तिन्ही. आणि अनेकांताचं पांघरूण घ्यायचीही सोय नव्हती. पाठशाळेत हत्ती आणि सात आंधळे शिकलो होतो आपण, पण पैसे खाल्ले की नाही खाल्ले, यात दोन्ही बाजू कशा खऱ्या असणार?

मिच्छामि दुक्कडम् म्हणून मोकळं व्हावं असं वाटलं होतं. संवत्सरीला आपण सगळे म्हणतोच की, फोनवर, एकदम पन्नास जणांना. पण ती माफी ज्या बेनची मागायची तिच्यासाठी चौकातली बैठक थांबणार नव्हती. चार दिवसांनी नाव ठरणार होतं, आणि अकरा घरांत माझे शब्द बसले होते.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, मोठ्या घराची वर्षाची उधारी आपल्याकडे. लग्नाचा सगळा किराणा इथूनच जातो. तू कशाला मध्ये पडतेस?" मी म्हटलं, मी पडलेलीच आहे. यांनी पेपरमधून डोकं वर काढलं आणि परत खाली घातलं.

मग निघाले. पहिल्या घरी इतकी घाबरले होते की आधी मठियांची कृती विचारत बसले. शेवटी म्हटलं, मी त्या दिवशी बोलले ते खोटं होतं, मी पासबुक पाहिलं. तुम्हाला कोण पाहिजे ते तुम्ही ठरवा, पण माझं ते बोलणं मनातून काढून टाका आणि मग ठरवा. एवढंच प्रत्येक ठिकाणी बोलायचं, असं ठरवलं होतं. जास्त बोलले असते तर उलट्या बाजूने पुन्हा रंगवलं असतं. सवय आहे ना.

कुठे काय झालं ते सगळं सांगत नाही. दोघींना तर मी काय बोलले होते ते आठवतच नव्हतं. मी आठवण करून दिली आणि मग खोडलं, म्हणजे दुप्पट नुकसान. एकीने सरळ विचारलं, "त्यांनी किती दिले?" एक जण म्हणाली, "पैसे नसतील खाल्ले, पण खाऊ शकली असती ना." या वाक्याला उत्तर नाही हे मला त्या दिवशी कळलं. आणि एक ऐंशीच्या घरातल्या पटेल बा, दात नाहीत, कान शाबूत, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मारा घेर नळ कोणे नंखाव्यो, खबर छे?" त्यांच्या फळियात पाण्याची लाईन त्या बेनने ग्रामसभेत तीनदा उभं राहून मागितली होती. बांनाही हे आठवत होतं; फक्त आठवायला कुणी सांगितलं नव्हतं.

बेनकडे मी सर्वांत शेवटी गेले. आधी जायला हवं होतं, धीर झाला नाही. ती नहेरीवर कपडे धूत होती. मी सांगायला सुरुवात केली तर म्हणाली, "मला माहीत आहे. त्या दिवशी माझी पोरगी तुमच्याकडे पापड लाटायला होती." होती खरी. अकरांतली एक. तिच्या घरी मी गेलेच नव्हते, मोजताना दहाच भरली होती आणि अकरावं कोणतं ते मला आठवतच नव्हतं. मजुरीवर आलेली मुलगी, मी तिला घर म्हणून मोजलंच नव्हतं.

मी हात जोडले. तिने हातातला धोका खाली ठेवला नाही. विचारलं, "बायकांना सांगितलं सगळ्यांना?" म्हटलं, हो. "अने एमना घरवाळाने?"

तेच राहिलं होतं. माझं खोटं बायकांकडून नवऱ्यांकडे एका रात्रीत गेलं होतं. खरं मात्र स्वयंपाकघराबाहेर पडत नव्हतं. बैठकीत बोलणार कोण, तर पुरुष. त्या रात्री मी यांना म्हटलं, आता तुम्ही. हे काहीच बोलले नाहीत. दोन दिवस गल्ल्यावर बसून साखर तोलत राहिले. तिसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याला सुटे पैसे परत करताना, मान खाली घालून, पुटपुटल्यासारखं म्हणाले, "पेलुं संडासवाळुं खोटुं हतुं, हों." मी आतून ऐकलं. लग्नाला तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती.

बैठकीत आम्ही बायका मागे, ओट्याच्या कडेला. नाव सांगून झालं, गावाच्या एकीविषयी बोलून झालं, अनुदानातून स्मशानभूमीची भिंत होईल हेही सांगून झालं. "कोईने वांधो?" शांतता. तेव्हा त्या बा उठल्या. मला वाटलं घरी चालल्या. त्यांनी एवढंच विचारलं की दुसरं नाव का घेतलं नाही. पुढच्या रांगेतून कुणीतरी संडासाचं काढलं, आणि त्यावर दुसऱ्या कुणीतरी, माझ्या नवऱ्याने नव्हे, म्हटलं की ते खरं नाही. मग खूप आरडाओरड झाली. समरस झालं नाही. दोन अर्ज भरले गेले.

19 डिसेंबरला मतदान झालं. मतपत्रिकेवर शिक्का, दोन घड्या, पेटीत. 21 तारखेला कामरेजला मोजणी झाली आणि बेन थोडक्यात हरली. स्मशानाची भिंत झाली नाही, त्याचा दोष अजून काही जण माझ्यावर ठेवतात. मोठ्या घराची उधारी त्याच महिन्यात फिटली आणि खातं बंद झालं. माझ्या अकरा घरांतली किती मतं फिरली, एकही फिरलं की नाही, ते त्या पेटीतच राहिलं.

सून सरपंच झाली. बरा कारभार केला, नवऱ्याने. पहिल्या ग्रामसभेला मी गेले. बेन बायकांच्या रांगेत बसली होती, तिने जरा सरकून मला जागा दिली आणि मग उठून शोषखड्ड्यांचं काय झालं ते विचारलं.