मंजूर रक्कम

आमच्या गावाच्या फाट्यावर एक फलक होता. 'ग्रामीण मार्ग सुधारणा, लेखाशीर्ष 3054, मंजूर रक्कम 10 लाख.' गाव अनसिंगजवळचं, लहानसं. नाव सांगत नाही, कारण बाबा अजून तिथंच राहतात. फेब्रुवारी 2020 मध्ये त्या फलकाशेजारी नारळ फुटला. बाबा तेव्हा ग्रामपंचायत सदस्य होते. फोटोत ते शेवटून दुसरे आहेत, गळ्यात कोणाचा तरी उरलेला हार.

रस्ता झाला नाही.

जूनमध्ये मी पुण्यातल्या पहिल्या नोकरीचा लॅपटॉप घेऊन घरीच होतो. वर्क फ्रॉम होम म्हणजे आमच्याकडे वर्क फ्रॉम धुरा, कारण रेंज तिथंच. किराणा आणायला अनसिंगला गेलो की गावचं कोणी ना कोणी भेटायचं. एकदा दुकानाच्या ओट्यावर एकजण माझ्यासमोरच म्हणाला, "दहा लाख आले होते म्हंतात. गेले कुठी?" आणि सगळे माझ्या नव्या मोटरसायकलकडे बघायला लागले. ती मी पगारातून हप्त्यांवर घेतली होती. हे तिथं सांगणं म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखं वाटलं असतं, म्हणून तेल-साखर घेऊन निघालो.

खरं सांगायचं तर संशय मलाही आला होता. रात्री जेवताना विचारलंच, "बाबा, ते दहा लाख नेमके गेले कुठं?"

"मंजूर म्हंजे भेटले असं नसते," ते म्हणाले.

"पुढारी असंच बोलतात," मी म्हणालो.

त्यांनी ताट सारलं आणि अंगणात जाऊन बसले. आईने माझ्याकडे पाहिलं, ते अजून आठवतं.

मी ऑनलाइन पेमेंटचं सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या जगात पैसा गेला किंवा नाही गेला. मध्ये लटकला तर काही वेळात कळतं. सरकारी पैशाचं तसं नसतं, हे मी त्या पावसाळ्यात धुऱ्यावर बसून शिकलो. विधिमंडळात अर्थसंकल्प मंजूर होतो तेव्हा पैसा येत नाही, खर्चाची परवानगी येते. त्याला तरतूद म्हणतात. मग वित्त विभाग त्यातला काही भाग सोडतो, ते वितरण. जिल्ह्यात कोणती कामं घ्यायची याचा आराखडा पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती करते. पुढे प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, प्रत्यक्ष काम, मोजमाप आणि सगळ्यात शेवटी देयक. रुपया खरोखर हलतो तो या शेवटच्या पायरीवर. नारळ मात्र बराच आधी फुटतो, आमच्याकडे तर प्रशासकीय मान्यतेवरच फुटला होता. राज्य सरकारच्या बीम्स प्रणालीत तरतूद, वितरित निधी आणि खर्च असे वेगवेगळे रकाने दिसतात. आमच्या फलकावर एकच रकाना होता.

आणि आमचा नारळ फुटला तो मुहूर्तही भलताच. 6 मार्च 2020 ला राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला. त्याच महिन्यात टाळेबंदी आली. दुकानं, कारखाने बंद म्हणजे करही बंद. 4 मे 2020 ला वित्त विभागाने शासन निर्णय काढला: विकासकामांवर त्या वर्षी तरतुदीच्या 33 टक्केच खर्च, नवी कामं सुरू करायची नाहीत, प्राधान्य आरोग्याला. त्याबद्दल सरकारला दोष द्यावासा मला वाटत नाही. तेव्हा रस्त्यापेक्षा ऑक्सिजन महत्त्वाचा होता. पण त्या कागदाची प्रत आमच्या फाट्यावर कोणी लावली नाही. फलकावर 10 लाख तसेच राहिले.

त्याच्या चारच दिवस आधी, 30 एप्रिलला, विदर्भ विकास मंडळाची मुदत संपली होती. राज्यघटनेच्या कलम 371(2) खाली 1994 मध्ये आलेली ही मंडळं कोणत्या भागाला किती निधी मिळाला, किती अनुशेष उरला, यावर नजर ठेवायची. ती मुदत वाढली नाही. वाशिम जिल्ह्यात अनुशेष हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. मला तो बरीच वर्षं एखाद्या आजाराचं नाव वाटायचा.

शासन निर्णयाची पीडीएफ मी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केल्या, खाली सोप्या भाषेत समजावलं. चार अंगठे आले. मग एक उत्तर आलं: "पीडीएफ नको, रस्ता दाखव." त्याला एकोणीस अंगठे.

15 जानेवारी 2021 ला राज्यातल्या चौदा हजारांवर ग्रामपंचायतींसाठी मतदान झालं, त्यात आमचीही होती. बाबा अकरा मतांनी पडले. मोजणीहून आले, गाईला पाणी दाखवलं, कपडे बदलले. मी म्हणालो, "माझं चुकलं." ते म्हणाले, "तुले माहीत नव्हतं." थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "मलेही पुरतं माहीत नव्हतं. नुसता हार घातला होता."

त्यानंतर रस्त्यावर दोनदा मुरूम पडला, दोनदा पावसाने नेला. शेतमाल अनसिंगच्या बाजारात न्यायचा तर ट्रॅक्टरवाला आमच्या गावचं भाडं अजून जास्तच सांगतो. गेल्या वर्षी जुना फलक निघाला आणि नवा लागला. आता लेखाशीर्ष 2515, मंजूर रक्कम 14 लाख. नारळ फुटला. फोटोत हार घालून उभा आहे तो बाबांना अकरा मतांनी पाडणारा.

दोन महिन्यांनी बाबांचा फोन आला. गावात कुजबुज सुरू झाली होती, त्या पोराने चौदा लाख खाल्ले म्हणून.

"मी सांगतलं लोकायले पारावर," बाबा म्हणाले, "नारळ फुटला म्हंजे पैसे आले असं नसते."

"मग? ऐकलं कोणी?"

"कोण ऐकते." थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू तेवढं पाह्य ना काम्पुटरवर. त्या हेडमंदी वितरित किती झाले ते."