हाबुगोची ओकराने

सेव्हिल शहर मागे टाकून वायव्येकडे सुमारे ९० किलोमीटर गेले म्हणजे सपाट शेते संपतात आणि आरासेनाच्या डोंगररांगा सुरू होतात. त्याच रांगेत आणखी थोडे पश्चिमेस हाबुगो नावाचे गाव आहे. चुन्याने पांढरी केलेली घरे, लाल कौलांची छपरे, संत मिखाएलाचे चर्च आणि दोन हजारांच्या आसपास वस्ती. आपल्याकडील एखाद्या बऱ्याशा गावाएवढेच ते असेल. परंतु स्पेनमध्ये हे नाव उच्चारताच ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटते. डुकराची मागची मांडी मिठात मुरवून वाळवितात, तिला तिकडे हामोन म्हणतात. आणि हाबुगोच्या हामोनाची कीर्ती फार मोठी आहे.

गावाबाहेरच्या रानाला देएसा हे नाव आहे. ते धड अरण्य नव्हे, धड शेतही नव्हे. शतकानुशतके झुडपे काढून माणसांनी ओकवृक्ष तेवढे विरळ राखले आणि खाली गवत वाढू दिले. त्यांतील एका जातीच्या सालीपासून बाटल्यांची बुचे होतात. दर नऊ वर्षांनी साल सोलली की उघडे खोड तांबडेलाल दिसते. ऑक्टोबर उजाडला की टोपी घातलेली बोंडे टपटप गळू लागतात, आणि डुकरांचे कळप रानात सोडले जातात. तेथील कायदा मोठा काटेकोर आहे. रानात शिरताना कळपाचे सरासरी वजन ९२ ते ११५ किलो असावे, आणि ६० दिवसांहून अधिक काळ बोंडे व गवत यांवरच राहून प्रत्येकाने निदान ४६ किलो भर घालावी. झाडी कितीही दाट असली तरी हेक्टरी सव्वा डुकराहून अधिक सोडता येत नाही. एका डुकरामागे एवढे रान, हे ऐकून आपल्या घरामागे दोनचार डुकरे पाळणाऱ्या गृहिणीला नवल वाटेल!

पण मग कोणतेही डुक्कर त्या रानात सोडले तर तसलेच हामोन मिळेल काय? नाही. येथेच कुळाचा प्रश्न येतो. आयबेरियन डुक्कर काळसर, लांब मुस्कटाचे, बारीक पायांचे, अंगावर केस थोडे. पोट भरले की शरीरात लेप्टिन नावाचे द्रव्य मेंदूला ‘आता पुरे’ असा निरोप देते. तो निरोप झेलणाऱ्या जनुकाचे एक निराळे रूप या कुळात सर्वत्र आढळते, आणि भरपूर खाण्याची व चरबी साठविण्याची या जातीची सवय त्याच्याशी निगडित आहे. ही चरबी नुसती कातडीखाली थर धरून राहत नाही. मांसाच्या तंतूंमध्येही पांढऱ्या रेघा उमटविते. एकाच तऱ्हेने पोसलेल्या डुकरांत या रेघांचा जो कमीजास्तपणा दिसतो, त्यातला साधारण निम्मा वाटा आईबापांकडून आलेला असतो. चरबी मऊ की कठीण, हे मात्र बरेचसे खाण्यावर ठरते. बोंडांत ऑलिव्ह तेलात असते तेच ओलेइक आम्ल विपुल असते, म्हणून त्या हामोनाची चरबी बोटांच्या उबेनेही विरघळू लागते. कोठी आईबाप बांधून देतात, भरते ती रान.

केवळ जलद वाढ आणि चरबीविरहित मांस यांच्या मागे लागल्याने काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. युरोपातील काही मांसल जातींत असा एक दोष पसरला की धक्का बसताच डुक्कर कोसळावे आणि त्याचे मांस फिकट व पाणचट निघावे. १९९१ साली कॅनडातील संशोधकांनी तो एकाच जनुकातला फरक असल्याचे दाखविले. असल्या मांसाचे उत्तम हामोन कसे व्हावे?

आयबेरियन मादी पिले थोडी देते आणि ती सावकाश वाढतात. त्यातच १९६० साली आफ्रिकी डुक्करज्वर स्पेनमध्ये शिरला आणि पुढे तीसपस्तीस वर्षे त्याने ठाण मांडले. (आपल्या देशात तो २०२० मध्ये ईशान्येकडून आला, हे वाचकांना ठाऊक असेलच.) कळप ओस पडले, आणि शेतकऱ्यांनी अमेरिकेतल्या तांबड्या ड्युरॉक नराशी संकर करण्यास आरंभ केला. त्यांना दोष देववत नाही. घर चालवायचे तर पिले हवीत. ड्युरॉकच्या मांसातही चरबीच्या रेघा बऱ्या असतात, म्हणून तोच निवडला गेला. मात्र गिऱ्हाईक फसू लागले, कारण काळा खूर दिसला की हामोन अस्सल असा समज होता. २०१४ च्या कायद्याने ही लबाडी आवरली. आई नेहमी शुद्ध आयबेरियनच हवी. आईबाप दोन्ही शुद्ध आणि पोषण बोंडांवर, तर काळी खूणपट्टी; बोंडांवर पोसलेला पण संकरित, तर लाल. बाकीच्यांना हिरवी वा पांढरी. ‘काळा पाय’ हे शब्द केवळ काळ्या पट्टीच्या हामोनासच लावता येतात.

मांडी समुद्री मिठात पुरतात, किलोमागे अदमासे एक दिवस. मग धुऊन थंडीत आणि पुढे डोंगरवाऱ्यात टांगतात. सात किलो किंवा अधिक वजनाच्या हामोनास कायद्याने निदान ७३० दिवस लागतात, आणि बोंडांवरच्या चांगल्या हामोनाला बहुधा तीन वर्षे. उन्हाळ्यात चरबी घामासारखी पाझरून मांसात मुरते. शेवटी जाणता माणूस हाडाची बारीक सुई मांडीत खुपसतो, काढतो आणि नाकाशी धरतो. यंत्रापेक्षा त्या नाकावर भरवसा अधिक.

याच आयबेरियन कुळात ठिपक्यांच्या डुकरांची एक शाखा आहे. तिला हाबुगोचेच नाव आहे: ‘मांचादो दे हाबुगो’, हाबुगोचे ठिपकेवाले. गावाचे हामोन जगभर गेले. ही ठिपकेवाली डुकरे मात्र इतकी थोडी उरली आहेत की सरकारदप्तरी त्यांची नोंद नामशेष होऊ घातलेल्या जातींत आहे.