मजकूर कधी देताय?

संपादकांचा निरोप आला: ‘रोजच्या धबडग्यात भक्तिपर लेखन नियमित कसं करावं, यावर काहीतरी हलकंफुलकं द्या.’ हलकंफुलकं माझ्याच्यानं होत नाही. मराठी ख्रिस्ती नियतकालिकांचे जुने अंक चाळत बसणं हा माझा उद्योग; पोटापाण्याची नोकरी वेगळी. त्यामुळे विषयाशी माझं दोन्हीकडून नातं आहे. मीही दर आठवड्याला एक मनन लिहितो, आणि वेळ मलाही नसतो.

आधी एक खुलासा. तो मला दर वर्षी कुठे ना कुठे करावाच लागतो. ‘तुमच्यात घरी मराठी बोलतात?’ असं येरवड्यातच जन्मलेल्या ख्रिस्ती माणसाला विचारणारे सुशिक्षित लोक आजही भेटतात. अमेरिकन मराठी मिशननं अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ‘ज्ञानोदय’ काढला 1842 साली. ‘केसरी’ यायला तेव्हा जवळपास चार दशकं बाकी होती. कॅथलिकांचा ‘निरोप्या’ फादर हेन्री डोरिंग यांनी 1903 मध्ये नगर जिल्ह्यातल्या केंदळ गावी सुरू केला. तर हो, घरी मराठीच बोलतो. भांडतोही मराठीतच.

आता मुद्द्याकडे येतो. आमच्या मंडळीत एक परिचारिका आहे. नाइट ड्यूटी, दोन लहान मुलं, सासूबाईंचा दवाखाना. तरी ती एका दोनशेपानी वहीत मननं लिहायची आणि बायकांच्या प्रार्थनासभेत वाचायची. मध्यंतरी ती वही माझ्याकडे देऊन गेली. ‘काका, शुद्धलेखन तेवढं बघा,’ म्हणाली. एका पानावर मार्कच्या पाचव्या अध्यायातली रक्तस्रावानं पीडलेली स्त्री होती. बारा वर्षं वैद्यांकडे खेटे घालून कफल्लक झालेली, गर्दीतून येऊन येशूच्या वस्त्राला हळूच हात लावणारी. पहिल्या चार ओळींत हिनं लिहिलं होतं की रात्री बाळंतपणाच्या वॉर्डात गॉजचे तुकडे मोजले, एक कमी भरला, परत मोजले, आणि तेवढ्यात खाटेवरच्या बाईनं हिच्या एप्रनचं टोक धरलं ते सोडेचना. या चारही ओळी खोडल्या होत्या. वर निळ्या शाईत, चांगल्या अक्षरात: ‘प्रियांनो, या वचनातून आपल्याला तीन गोष्टी शिकायला मिळतात.’ पुढे त्या तीन गोष्टी. कुठल्याही गावच्या, कुठल्याही व्यासपीठावर चालतील अशा.

‘खोडलंस का?’ विचारलं, तर म्हणाली, ‘ड्यूटीतलं देवाच्या वचनात कशाला?’ त्यानंतर महिन्याभरात तिनं लिहिणं थांबवलं. कारण अर्थातच ‘वेळ मिळत नाही’. मला ते कारण पटलेलं नाही, आणि ते प्रकरण डोक्यातून जातही नाही.

कारण माझ्या जुन्या अंकांतली माणसं काही निवांत नव्हती. रेव्हरंड ना. वा. टिळक 1912 पासून 1919 मध्ये वारेपर्यंत ‘ज्ञानोदय’ची मराठी बाजू सांभाळत होते. सोबत पाळकपण, कीर्तनं, कविता, घरात सांभाळलेली परकी पोरं, आणि 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून मांडलेला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळानंतर हजाराहून जास्त मुलीबाळी आणि बायका होत्या. तो सगळा व्याप सांभाळून बाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. छपाईचे खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच बायका. 1922 मध्ये बाई गेल्या, त्याच्या थोड्या आधीपर्यंत प्रुफं तपासणं चालू होतं.

येरवड्यात हा विषय काढला की कुणीतरी गांधीजींचं नाव घेतंच. 1930 मध्ये इथल्या तुरुंगातून ते साबरमतीच्या आश्रमवासीयांना दर मंगळवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर एकेका व्रतावर पत्र लिहीत. त्याचं ‘मंगलप्रभात’ हे पुस्तक झालं. ‘तुरुंगात काय, वेळच वेळ!’ असं लोक म्हणतात. वेळ तर आतल्या प्रत्येक कैद्याला होता. मला मोलाचा वाटतो तो ठरलेला मंगळवार, आणि पलीकडे पत्राची वाट पाहणारी माणसं. टिळकांच्या मागे छापखाना होता, जुळाऱ्याला मजकूर हवा असायचा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या मागे मुलगा देवदत्त होता. वडिलांचं चरित्र लिहायचंय, आठवणी लिहून दे, म्हणून त्यानं आईला लिहायला बसवलं.

थोडं तांत्रिक सांगतो, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद गाठा. कॅथलिक चर्चमध्ये आणि बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रविवारचे शास्त्रपाठ तीन वर्षांच्या चक्रानं ठरलेले असतात. पहिलं वर्ष मत्तयचं, दुसरं मार्कचं, तिसरं लूकचं. योहान सणावारी आणि मधूनमधून येतो. म्हणजे ‘काय लिहू?’ हा प्रश्न परस्पर सुटतो. पण चौथ्या वर्षी तोच उतारा पुन्हा समोर येतो आणि तुमच्या तीन गोष्टी गेल्या खेपेलाच सांगून झालेल्या असतात. उतारा तोच, बदललेले असता तुम्ही. मधल्या काळात कुणी आजारी पडलेलं, कुणाची नोकरी गेलेली. ते लिहायचं नाही असं ठरवलं तर पेन थांबणारच. माझ्या पाहण्यातले बरेच जण दुसऱ्या फेरीतच थांबले.

आणि इथेच माझं जुनं भांडण येतं. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ (चार भाग, 1934 ते 36) कशात मोडतं? विद्यापीठवाले म्हणतात स्त्रीचं आत्मचरित्र, विनोदाचा उत्तम नमुना. एका चर्चासत्रात मला बजावण्यात आलं होतं की धर्मांतराचा भाग बाजूला ठेवून बोला. बाजूला ठेवून उरतं काय? आमचे धार्मिक लोक उलटं बोलतात: पुस्तक गोड आहे, पण वचन कमी. माझं म्हणणं, ती साक्ष आहे, मराठीतली सगळ्यात खरी साक्ष. उपासनेत साक्ष देतात तिचा साचा ठरलेला असतो: आधीचं पापी जीवन, मग संकट, मग प्रभूची भेट, मग सगळं लख्ख. लक्ष्मीबाई त्या साच्यात बसत नाहीत. नवऱ्याचा बाप्तिस्मा 1895 चा, यांचा 1900 चा. मधली पाच वर्षं त्या संतापतात, रडतात, सोवळं सांभाळतात. जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न त्यांना पडतो तो रोजच्या शिवाशिवीतून, आणि उत्तर मिळाल्यावर बाई काय करतात, तर कुणाच्याही हातचं खायला-प्यायला लागतात. उपदेशाचं एक वाक्य नाही. टिळकांचं अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे चौसष्ट अध्याय रचून पूर्ण करणारी हीच बाई, तेव्हा वचन तिला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. हे मी अनेक व्यासपीठांवर सांगून दमलोय. टाळ्या पडतात, आणि चहाच्या वेळी तोच माणूस येऊन विचारतो, ‘पण हे ख्रिस्ती साहित्य म्हणायचं का?’

त्या परिचारिकेला मी ‘वेळेचं नियोजन’ वगैरे काही सांगितलेलं नाही. तिची वही घेऊन आमच्या पाळकांकडे गेलो आणि म्हटलं, मंडळीच्या मासिक पत्रकात अर्धं पान हिच्यासाठी राखून ठेवा, आणि दर महिन्याच्या वीस तारखेला मजकूर मागायला फोन करा. गॉजचं पानही दाखवलं. ते शेवटपर्यंत वाचून म्हणाले, ‘पान देतो. पण दवाखान्याचं जरा कमी करायला सांगा.’ त्यावर आमची अजून बोलणी चालू आहेत.